लिफ्टमधला पाट

मावशी लिफ्टमध्ये शिरली की आधी नाक वर करायची. दोनदा हुंगायची, भिंतीला तळहात लावून ती गरम आहे की गार ते बघायची आणि दार मिटलं की निकाल द्यायची, "बरं हाय, पण जगणं नाय."

गिझरच्या पाण्याला तोच निकाल. फ्रिजला तोच. मुलाने आणलेल्या जाडजूड गादीला तोच. गेटवरच्या वॉचमनला तर तिने तोंडावर सांगितलं होतं. तो बिहारचा. त्याला वाटलं म्हातारीने आशीर्वाद दिला. तेव्हापासून तो रोज तिच्या पाया पडायचा.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असणार, ज्याला जुनं ते सगळं सोन्याचं वाटतं. पण ती माणसं निदान तोंड वाकडं करून नव्यापासून लांब बसतात. आमची मावशी तसली नव्हती. लिफ्टला नावं ठेवत ती दिवसभरात इतक्या फेऱ्या मारायची, की लिफ्ट दुरुस्त करणारा तिला माहेरची समजून विचारायचा, "मावशी, आवाज कुठून येतो हो?" आणि मावशी बरोबर सांगायची. गिझरला नावं ठेवत ती अशी आंघोळ करायची की वाफ जिन्यापर्यंत यायची आणि खालच्या मजल्यावरची मंडळी आग लागली म्हणून पाणी घेऊन वर धावायची. आता हे पाणी घेऊन धावण्याचं मी थोडं वाढवून सांगितलं. वाफेचं मात्र खरं आहे.

मावशी मूळची तारापूरच्या बाजूची, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गावातली. नवरा गेला, होडी विकली, तेव्हा मुलाने तिला बोईसरजवळ सरावलीला आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. मुलगा रमाकांत माझ्याच कारखान्यात पाळीवर. आमचे फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर. मी रंगाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो, हे ऐकल्यावर तिने माझी नखं बघितली, निळी होती, आणि म्हणाली, "तू कामाचा माणूस दिसतोस. उद्या गच्चीवर ये."

आता आमच्या इमारतीबद्दल सांगायला हवं. तिच्या नावात समुद्र आहे. प्रत्यक्षात समुद्र दिसत नाही. पाण्याच्या टाकीवर चढून, टाचा उंचावून, मनात श्रद्धा ठेवून पश्चिमेकडे पाहिलं तर धुरांडी दिसतात आणि त्यांच्या मागे समुद्र असावा असा अंदाज बांधता येतो. बिल्डरच्या पत्रकात मात्र एक बाई खिडकीत कॉफी पीत लाटा बघत होती. आम्ही सगळ्यांनी त्या बाईकडे बघून फ्लॅट घेतले.

हवेचं म्हणाल तर आमच्या हवेत जेवढे पदार्थ आहेत तेवढे लग्नाच्या पंगतीतही नसतात. मी एकदा पांढरा शर्ट गच्चीवर वाळत टाकला, संध्याकाळी आकाशी झाला. तो घालून मेहुण्याच्या साखरपुड्याला गेलो, तर तिघांनी कापडाचं दुकान विचारलं. सकाळी खिडकी उघडली की आमची ही सांगते, "आज आंबट आहे," किंवा "आज कुजक्या अंड्याचा आहे," आणि त्यावर आम्ही मुलांना शाळेत पाठवायचं की नाही ते ठरवतो. नाही पाठवलं असं अजून झालेलं नाही. पण ठरवतो.

अशा या इमारतीत मावशी आली आणि तिने आम्हाला गावच्या गोष्टी ऐकवायला सुरुवात केली.

"आमच्या गावात कोण आजारी पडायचा नाय," ती सांगायची. "एकदा डाक्टर आलता. दवाखाना टाकला, पाटी लावली. बसून बसून कटाळला. मग आमच्याच होडीवर यायला लागला. चांगला खलाशी झाला."

"आणि मावशी, वादळ आलं तर?"

"वादळाला काय भ्यायचं. वादळ आमच्या दारातून जायचं ते विचारून जायचं."

मला वाटायचं, थापांच्या बाबतीत या तालुक्यात आपल्याला जोड नाही. मावशीने माझा तो भ्रम आठवड्याभरात उतरवला. मी एक सांगितली की ती दीड सांगायची. मी म्हणालो, आमच्या कारखान्यामागच्या नाल्यात पाय बुडवले की मोजे घालावे लागत नाहीत. ती म्हणाली, आमच्या समुद्रात पोरं बुडवून काढली की सहा महिने मीठ घालावं लागत नाही जेवणात.

गच्चीवर तिने मला कशासाठी बोलावलं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. पाण्याच्या दोन टाक्यांमध्ये तिने नायलॉनची दोरी ताणली होती. खाली टोपलीत बोंबील. दिवाळी उलटून गेली होती, ऊन कोरडं होतं, वारा होता. मावशी साडीचा काष्टा आवळून उभी होती आणि तिचं तोंड पहिल्यांदाच कुठल्याही निकालाशिवाय हसत होतं.

बोंबील कसे टांगतात ते तुम्ही पाहिलं आहे का? दोन बोंबील घ्यायचे. एकाचा जबडा उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा. दात दातांत रुतले की जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे लोंबतो, एक तिकडे. किनाऱ्यावर बाया हे काम दोघी दोघींनी करतात. एकीने जबडे अडकवायचे, दुसरीने टांगत पुढे जायचं. मावशीची गावातली जोडीदारीण गावातच राहिली होती. म्हणून मी.

"एकेक टांगला तर?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"एकटा बोंबील दोरीवर ऱ्हात नाय. वारा आला की पडतो नि मांजर खाते."

माझ्या हातून पहिल्या दिवशी इतके पडले की आसपासच्या चार इमारतींची मांजरं आमच्याकडे राहायला आली. हळूहळू हात बसला. सुट्टीच्या दिवशी मी जबडे अडकवायचो, ती टांगायची, आणि दोघं मिळून शेजाऱ्यांची नक्कल करायचो. एक मोठा, तोंड वासलेला बोंबील हातात आला की ती म्हणायची, "ह्यो बघ शेक्रेटरी." त्याच्या जबड्यात ती हटकून एखादं मरतुकडं पिल्लू अडकवायची. "नि ह्यो त्याचा चमचा."

एक गोष्ट मी फार दिवस पोटात ठेवली, आता सांगतो. मावशी सगळ्यांना सांगायची की हे बोंबील तिच्या गावच्या होडीतले आहेत. वाळले की ती प्रत्येक घरी पानात बांधून वाटायची आणि ज्याला द्यायची त्याला सांगायची, "खाऊन बघ. हे आमच्या पाण्याचे." लोक खायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, अहाहा, पारंपरिक चव. एका रविवारी मी तिच्याबरोबर बोईसरच्या मच्छीबाजारात गेलो, तर तिने टोपली थेट टेम्पोतून भरून घेतली. बर्फाच्या पेटीवर गुजराती अक्षरं होती.

"मावशी," मी हळूच म्हणालो, "पेटीवर गुजराती लिहिलंय."

"मग? बोंबलाला वाचता येतं काय?"

परतताना रिक्षात तिने टोपलीवर पदर झाकला. मग म्हणाली, "गावात आता दोन होड्या जातात. येतं ते किनाऱ्यावरच संपतं. तू कोणाला बोलू नको." मी बोललो नाही. थापाड्याने थापाड्याची थाप फोडू नये एवढी रीत मी पाळतो.

आता सेक्रेटरी साहेब. ते घाटावरचे, एका केमिकल कंपनीत मोठ्या जागेवर. सगळं आयुष्य कसं वर गेलं पाहिजे यावर त्यांचा भर. 'राहणीमान' हा शब्द ते अशा काही आवाजात उच्चारतात की ऐकणाऱ्याने आपोआप शर्ट आत खोचावा. त्यांच्या हॉलमध्ये हवा शुद्ध करणारं एक यंत्र आहे. हवा चांगली असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल. एका रविवारी गच्चीवर बोंबील टांगले तसा दिवा लाल झाला. साहेब लगेच जिन्याने वर आले. त्याआधीही तो दिवा पुष्कळदा लाल व्हायचा, धुरांड्यांकडून वारा आला की. तेव्हा साहेब यंत्राला मागून दोन थपडा मारायचे आणि म्हणायचे, बिघडलंय वाटतं.

"मावशी, हे गाव नाही," ते नाकावर रुमाल धरून म्हणाले. "इथे लोक चांगलं जीवन जगायला आलेत."

"मग जगा की. मी कुठं दोरीवर टांगलंय तुमाला?"

तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली. गच्चीवर कोणत्याही प्रकारचे जलचर वाळवू नयेत. 'जलचर' वाचून आमच्या हिने विचारलं, "बेडूक कोण वाळवतंय?" सूचनेखाली साहेबांची सही होती आणि त्याखाली समितीतल्या चौघांची. त्या चारही घरी त्या रविवारी बोंबलाची चटणी झाली होती. फोडणीचा वास मी स्वतः जिन्यात घेतला होता.

रमाकांत मऊ माणूस. कारखान्यात वरच्या साहेबांसमोर, घरात आईसमोर आणि आता सोसायटीसमोर, असा तो तिन्ही बाजूंनी वाकून वाकून जवळपास गोल झाला होता. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज दारातून बाहेर आला.

"आये, सुकवणं बंद कर. नायतर तुला गावाला सोडून येतो."

"सोड."

"मी खरंच सोडेन."

"मी पण खरंच बोलते. सोड. तितं माजी दोरी हाय, माजी जागा हाय. तितं जगणं हाय."

दुसऱ्या दिवशी त्याला पहिली पाळी. मावशीने माझं दार वाजवलं. बगलेत कपड्यांचं गाठोडं, हातात गुंडाळलेली नायलॉनची दोरी. "स्कूटर काढ," ती म्हणाली. "कायमची चालले."

तिच्या गावाचं वर्णन मी इतकं ऐकलं होतं, की वाटेत मी मनातल्या मनात तिथे घर बांधून, होडी घेऊन, वादळांशी ओळखसुद्धा करून घेतली होती. गाव आलं. गल्लीतल्या दर दोन घरांमागे एकाला कुलूप. घरं बुटकी, दारापुढे वाळूत अर्धी रुतलेली एक होडी, तिच्यात कोंबड्या. पलीकडे ज्या मैदानावर बांबू रोवून रांगाच्या रांगा बोंबील वाळायचे, त्यातलं निम्मं समुद्राने घेतलं होतं आणि उरलेलं वाचवायला दगडांचा बंधारा घातला होता. दगडांवर दोन पोरं मोबाइल बघत बसली होती. केळव्याला मुंबईची माणसं शनिवार-रविवार पैसे मोजून असल्याच घरात घाम गाळायला येतात आणि त्याला अनुभव म्हणतात. इथवर तो अनुभव पोचला नव्हता. इथे नुसताच घाम होता.

गल्लीच्या तोंडाशी मावशीने मला थांबवलं. "गाठोडं स्कूटरवरच ऱ्हाऊ दे. नि तोंड बंद ठेव. मी काय बोलेन त्याला मान हलव."

ओट्यावर एक वाळकी म्हातारी बसली होती. हीच ती जोडीदारीण. मावशीला बघून ती उठली नाही, गुडघ्यांनी उठू दिलं नाही, पण दोन्ही हात पुढे केले. मावशीने ते धरले आणि दोघी बराच वेळ एकमेकींच्या नवऱ्यांना शिव्या देत राहिल्या. दोघींचेही नवरे केव्हाच गेले होते.

मग म्हातारीने माझ्याकडे बघितलं. "ह्यो कोण?"

"ह्यो समोरचा. सकाळ-संध्याकाळ विचारायला येतो, मावशी काय खाल."

मी मान हलवली.

"नि तो सायेब? टोपली उचलणारा?"

मी मावशीकडे बघितलं. मावशी समुद्राकडे बघत होती.

"उचलतो ना," मी म्हणालो. "कोणाला हात लावू देत नाही. स्वतः डोक्यावर घेऊन गच्चीवर चढवतो."

म्हातारीने समाधानाने मान डोलावली आणि मग एकेक करून मला सगळं विचारून घेतलं. झेंडावंदनाला मावशीची खुर्ची पुढे मांडतात ते खरं काय? खरं. खिडकीतून समुद्र दिसतो? स्वच्छ दिसतो, लाटा मोजता येतात. "नि ते वर जायचं यंत्र, त्यात बसायला पाट असतो? गो, मी हिला बोलले, यंत्रात पाट कशाला असेल. ही बोलली, म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवतील काय?"

"असतो," मी म्हणालो. "सागवानी आहे. पितळेची फुलं ठोकलेली."

पितळेची फुलं माझी. मावशीने वळून माझ्याकडे असं बघितलं की मला नोकरीत बढती मिळाल्यासारखं वाटलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस ती आम्हाला गावाच्या थापा ऐकवत होती आणि फोनवरून गावाला आमच्या. आमच्या इमारतीत तिचं गाव स्वर्ग होतं आणि गावात आमची इमारत. या दोन स्वर्गांच्या मधल्या रस्त्यावर माझी स्कूटर उभी होती आणि तिच्यावर तिचं गाठोडं होतं.

"तुजं नशीब बाय," जोडीदारीण म्हणाली. "हितं आता दोरीला दुसरी बाई नाय. मी कोणाबरोबर टांगू? पोरगा बोलतो, टीव्ही बघ." मग तिने मावशीचा पदर धरला. "पण तू आज कशी आलीस?"

आता सांगेल, मला वाटलं. एवढंच बोलायचं होतं, की मला हाकलली, मी आले, चल दोघी मिळून टांगू.  मावशीने हातातली दोरी म्हातारीच्या मांडीवर ठेवली.

"ही द्यायला आले. तिकडं गच्ची मोठी हाय, ही पुरत नाय. सायेब नवी आणणार हाय."

चहा पिऊन आम्ही निघालो. गाठोडं जसं आलं तसं परत. कुंभवलीपाशी नाल्यावरच्या पुलावर ट्रक अडकला म्हणून थांबावं लागलं. नाला त्या दिवशी जांभळा होता. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "हा आमचा नाही, शेजारच्यांचा." मावशी हसली नाही. तिने माझ्या पाठीमागून नाक वर केलं, दोनदा हुंगलं.

"तितं जगणं हाय," ती म्हणाली, "पण बरं नाय."

म्हणजे आता तिला इथेच राहायचं होतं. आणि जोडीदारणीला जे सांगितलं होतं त्यातलं निदान एवढं खरं व्हायला हवं होतं, की गच्ची आहे आणि गच्चीवर दोरी आहे. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. मावशी लुगडं नेसून, केसात फूल माळून पार्किंगमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसली. पहिल्या रांगेतली खुर्ची तेवढी तिने स्वतःच मिळवली.

साहेबांनी विषय मांडला. आधुनिक वस्ती, सर्वांचं राहणीमान, येणारे पाहुणे, फ्लॅटची किंमत. मग मी उठलो. मला वाटलं, माझ्याकडे असा मुद्दा आहे की त्याने सभा उलटीपालटी होईल. मी म्हणालो, "वास तर रोज दुसराही येतो. त्याची सूचना कोणी लिफ्टमध्ये लावली?"

 वाऱ्याने माझी बाजू घ्यायचं ठरवलं असावं, कारण नेमका तेव्हाच कुजक्या अंड्याचा भपका आला. कोणीही नाकाला रुमाल लावला नाही. सगळे त्या वासात अगदी घरच्यासारखे बसून होते.

"तो वास," साहेब शांतपणे म्हणाले, "आपल्या सगळ्यांच्या घरी पगार घेऊन येतो. तुमच्यासुद्धा."

माझी निळी नखं मी खिशात घातली.

मावशी उठली. "सायेब खरं बोलतो," ती म्हणाली. "पोट भरतं त्या वासाला नाक मुरडायचं नसतं. माजा पोर ह्याच बोंबलावर शिकला. शिकला म्हणून कंपनीत लागला. लागला म्हणून हितं घर घेतलं. त्या घराच्या डोक्यावर बोंबील चालत नाय. बरं हाय."

काही जण हसले. साहेबही हसले. मग त्यांनी हात वर करायला सांगितले. बंदीच्या बाजूने पार्किंगभर हात उठले. बोटांना अजून चटणी असावी असे हात. विरोधात दोनच, एक माझा आणि एक वॉचमनचा. वॉचमनला मत नसतं. रमाकांत खाली बघत चपलेने एक खडा इकडून तिकडे करत होता. त्याचा हात कुठल्याच बाजूला उठला नाही.

गच्चीला कुलूप लागलं. मावशीने भांडण केलं नाही, गावाला जाते म्हणाली नाही. ती लिफ्टने खाली जायची, वर यायची, मालिका बघायची, गरम पाण्याने आंघोळ करायची. लिफ्टमध्ये भेटली की नाक वर करायची, दोनदा हुंगायची आणि म्हणायची, "बरं हाय."

मी पुढच्या शब्दांची वाट बघत थांबायचो. माझा मजला यायचा, दार उघडायचं, मी बाहेर पडायचो. पुढचे शब्द यायचे नाहीत. मी कोपरखळ्या मारून बघितल्या. लिफ्टमध्ये आता गाणी लावणार आहेत म्हणे, असं सांगितलं. "बरं हाय." तुमच्या बोंबलांची आठवण म्हणून सेक्रेटरीने उपास धरलाय, सांगितलं. "बरं हाय." तिने एक थापही मारली नाही. वादळं आमच्या इमारतीवरून न विचारता जायला लागली.

मांजरं मात्र ऐकायला तयार नव्हती. ती रोज दुपारी गच्चीच्या बंद दारापुढे जिन्यात रांगेने बसायची, कुलपाकडे तोंड करून.

पावसाळा संपत आला तेव्हा एका दुपारी मावशी मालिका बघता बघता गेली. तिला खाली न्यायचं तेव्हा आम्हाला कळलं की आमच्या लिफ्टमध्ये माणसाला आडवं नेता येत नाही. पत्रकात कॉफी पिणाऱ्या बाईचं चित्र होतं, या गोष्टीचं नव्हतं. जिच्या आवाजावरून बिघाड सांगायची ती लिफ्ट उघड्या दाराने बघत राहिली आणि मावशी जिन्याने खाली आली, आमच्या खांद्यांवरून. एका वळणावर साहेब पुढे झाले आणि कोणी न सांगता त्यांनी रमाकांतच्या शेजारी खांदा लावला. मी त्यांच्या मागे होतो. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

बाराव्याला तिची जोडीदारीण आली. पुतण्याने तिला रिक्षातून आणलं, काठी हातात दिली आणि तो पाहुण्यांच्या चपला बघत बाजूला उभा राहिला. मी खालीच होतो. मी तिला हात धरून लिफ्टपाशी आणलं, बटण दाबलं, दार उघडलं. म्हातारी आत बघतच राहिली. वर बघितलं, खाली बघितलं, चारही कोपरे बघितले.

"पाट कुठं हाय?"

माझ्या तोंडात थापा कधी कमी पडल्या नाहीत. त्या दिवशी पहिली यायला जरा वेळ लागला.

"धुवायला काढलाय," मी म्हणालो. "आज बारावं ना. थांबा, आणतो."

तिसऱ्या मजल्यापर्यंत मी जिना कसा चढलो ते मला माहीत नाही. आमच्या स्वयंपाकघरातला पाट उचलला. साधा आंब्याच्या लाकडाचा, एका पायाने डुगडुगणारा. आमची ही म्हणाली, "अहो, त्यावर पीठ आहे." मी ते शर्टाच्या बाहीने पुसलं आणि खाली धावलो.

खाली साहेब बाहेरून आले होते आणि लिफ्टसमोर उभे होते. माझ्या हातातला पाट बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. लिफ्टमध्ये सामान ठेवू नये अशीही एक सूचना आहे, ती त्यांनीच लावलेली. त्यांनी तोंड उघडलं.

"ह्योच काय तो सायेब?" म्हातारीने मला विचारलं. "टोपली उचलणारा?"

मी साहेबांकडे बघितलं. माझ्याकडून मान हलली. साहेब एकदा म्हातारीकडे, एकदा पाटाकडे आणि मग आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "मीच."

त्यांनी एका हाताने लिफ्टचं दार अडवून धरलं. मी पाट कोपऱ्यात मांडला, डुगडुगणारा पाय भिंतीकडे केला. म्हातारी काठी टेकत आत आली आणि सावकाश बसली. दोन्ही बाजूंना आम्ही दोघं उभे राहिलो. दार मिटलं. लिफ्ट वर जायला लागली तशी तिने माझ्या पँटचा घोळ मुठीत धरला. मग सोडला. तळहात आधी भिंतीवर, मग पाटावर फिरवला.

"पितळेची फुलं निघाली वाटतं."

"हो, जुनी झाली होती."

"जगली माजी बाय," ती म्हणाली.

तिसरा मजला आला. दार उघडलं. समोर मावशीच्या घरातून पंगतीचा आवाज येत होता, रमाकांत दारात उभा होता. म्हातारी पाटावरून उठेना.

"अजून एकदा वर-खाली ने," ती म्हणाली.

साहेबांनी बटण दाबलं.